ग्रुपमध्ये नसलेला माणूस

एका मुलीने सल्ला विचारणारं पत्र पाठवलंय, ते थोडक्यात असं आहे. वय ३१, नोकरी पुण्यात बँकेत, माहेर साताऱ्याकडच्या एका गावात. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. महिन्याभरापूर्वी त्यांनी ४६ जणांच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला, "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात फिरतेय, साधूच्या वेशात असतात, दिसले तर सोडू नका", आणि सोबत मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा व्हिडिओ. हिने पाच मिनिटांत तो खोटा असल्याची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "बाबा, शिक्षक होतात ना तुम्ही? निदान तुम्ही तरी तपासत जा." शेवटी हसणारे इमोजी. मग चुलत भावंडांनीही हसून घेतलं. बाबांनी मेसेज डिलीट केला आणि रात्री ग्रुप सोडला. तेव्हापासून हिचा फोन आईच उचलते, बाबा कायम "अंघोळीला गेलेत" नाहीतर "झोपलेत". आई म्हणते सॉरी म्हणून टाक. हिचा प्रश्न असा की "खरं बोलणं आणि चांगलं वागणं यातलं एकच निवडायचं असेल तर मी खरं निवडते, गोड बोलत बसलं तर खोटं पसरतच राहणार, यात माझं काय चुकलं?"

अगं-तुगं करते, चालेल ना, माझ्या भाचीच्या वयाची आहेस तू.

आधी जे चुकलेलं नाही ते सांगते, कारण आई सॉरी म्हण म्हणतेय त्यात ते पुसलं जाईल अशी मला भीती वाटते. तो मेसेज तू थांबवलास हे शंभर टक्के बरोबर केलंस आणि त्याबद्दल कुणाचीही माफी मागायची नाही. हा मेसेज म्हणजे कुठल्या रसाने डायबेटिस बरा होतो छापाचा मेसेज नाही गं. या मेसेजने आपल्याच राज्यात माणसं मेलीत.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, त्यातली बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. गावोगाव भिक्षा मागत फिरणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते, त्यामुळे अनोळखी माणसं दिसल्याबरोबर संशय, त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला असं कुणीतरी म्हणालं, आणि तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. पाचही गेले. "दिसले तर सोडू नका" या चार शब्दांचा अर्थ जमिनीवर काय होतो तो हा असा होतो.

आणि तू वर्णन केलंयस तो व्हिडिओही त्या वेळचाच दिसतोय. मोटारसायकलवर दोघे, गल्लीत खेळणारी पोरं, एकाला उचललं आणि गेले. हा मूळचा पाकिस्तानातल्या कराचीचा आहे, मुलांकडे लक्ष ठेवा हे सांगायला मुद्दाम नाटक करून बनवलेला. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला भाग भारतभर फिरला. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली ती त्याच जुलैमध्ये. इतकी वर्षं झाली तरी हा मेसेज गावाचं नाव बदलून परत परत येतो, साधारण जुन्या एखाद्या साथीसारखा.

तर तुझी घाई मला समजते. पण आता तू पाठवलेला स्क्रीनशॉट परत उघड आणि जरा हळू वाच, कारण मला वाटतं तू तो वाचलेलाच नाहीस, फक्त तपासलास. फॉरवर्डच्या खाली एक वेगळी ओळ आहे जी बाबांनी स्वतः टाइप केलीय. "चिनूला अंगणात एकटं सोडू नका." स्पेलिंग चुकलंय, 'अंगणात'वरचा टिंब राहिलाय, म्हणजे चष्मा न लावता, घाईने लिहिलेलं असणार. चिनू तुझ्या भावाची चार वर्षांची मुलगी, हे तूच पत्रात लिहिलंयस. बाबांनी तो मेसेज टोळीची बातमी म्हणून नाही टाकला, नातीच्या काळजीने टाकला. तुझं उत्तर बातमीला गेलं, काळजीला काहीच उत्तर मिळालं नाही, उलट त्यावर भाचे-पुतणे हसले.

मला माहितीये तू म्हणशील काळजीपोटी टाकला म्हणून खोटं खरं होत नाही. नाहीच होत. पण माणूस कशासाठी फॉरवर्ड करतोय हे कळल्याशिवाय त्याला थांबवता येत नाही, निदान मला तरी आजपर्यंत एकदाही आलेलं नाही. बाबांचा प्रश्न चिनू सुरक्षित आहे का हा होता. "अंगणाला फाटक बसवूया का" किंवा "दुपारी तिच्याजवळ कोण असतं" असं काही तू आधी विचारलं असतंस तर पुढचं वाक्य, की बाबा तो व्हिडिओ मात्र नाटकातला आहे, हे त्यांनी शांतपणे ऐकलं असतं असं मला वाटतं.

आता "शिक्षक होतात ना तुम्ही" या वाक्याकडे येते, मला तेच सगळ्यात जास्त टोचलं. तुझ्या मनात असं दिसतंय की शिकलेला माणूस फसत नाही, म्हणून फसलेला शिक्षक म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. पण बाबांचा काळ बघ. सकाळी सात पाचला आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, त्यावर घड्याळं लावायची माणसं, पेपर गावात एसटीने यायचा, आणि जे छापून आलं ते कुणीतरी डोळ्याखालून घातलेलं असायचं. चुका तिथेही व्हायच्या, पण मध्ये एक माणूस होता ज्याचं कामच तपासणं होतं. बाबांनी आयुष्यभर त्या माणसावर विश्वास ठेवला आणि तो बऱ्याच अंशी सार्थही होता. आता मधला तो माणूस गेला आणि हे कुणी त्यांना सांगितलंच नाही. अफवा तेव्हाही होत्याच, "हे पत्र मिळाल्यावर ११ जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल" अशी पोस्टकार्डं आमच्याही घरी यायची, पण त्यात ११ कार्डं विकत आणून हाताने लिहायला लागायची, तिसऱ्या कार्डाला माणूस कंटाळायचा. तो कंटाळा फार कामाचा होता. आता अंगठा लावला की ४६ जणांना जातं.

आणि शिकल्यामुळे माणूस फसत नाही हे खरंच नाहीये, हे तुझ्याच पत्रात आहे. तू शेवटी कंसात एक ओळ टाकलीयस, घाईघाईत, जणू ती मोजायची नाही. "तसा मीही एकदा एका कंडक्टर बाईचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, म्हाताऱ्याला बसमधून उतरवत होती, नंतर कळलं की तो दारू पिऊन तिला मारायला धावला होता, पण मी लगेच काढला." मला ही ओळ पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली.

लगेच म्हणजे किती वेळाने? तोवर किती जणांनी बघितला? त्यातल्या कितींनी स्क्रीन रेकॉर्ड करून पुढे पाठवला? त्यावर तू काय लिहिलं होतंस ते तू मला सांगितलं नाहीस, पण काहीतरी लिहिलं असणार, लोक लिहितातच. आणि काढलास तेव्हा "हे चुकीचं होतं, पूर्ण व्हिडिओत वेगळंच आहे" असं स्टेटस ठेवलंस का? पत्रावरून तरी वाटतंय की नाही ठेवलंस, गुपचूप काढलास. म्हणजे ज्यांनी तुझ्या फोनवर त्या बाईला बघितलं त्यांच्या डोक्यात ती अजून तशीच आहे, म्हाताऱ्याला ढकलणारी.

हे मी तुला टोचायला लिहीत नाहीये. तुला चूक दुरुस्त करायला एकांत मिळाला, कुणी ४६ जणांसमोर विचारलं नाही की बँकेत एवढ्या जबाबदारीच्या पोस्टवर आहेस ना तू. बाबांना तो एकांत मिळाला नाही, एवढंच मला दाखवायचंय.

आपण सगळेच कॅप्शन आधी वाचतो आणि व्हिडिओ नंतर बघतो, आणि मग कॅप्शनमध्ये जे लिहिलंय तेच व्हिडिओत दिसतं, ऐकूही तेच येतं. १६ एप्रिल २०२०ला, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने मारलं. तिथेही चोरांच्या, मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. पण मला सांगायचंय ते त्याच्यानंतरचं. त्या भयानक क्लिपमध्ये कुणीतरी "ओए बस" म्हणत होतं, थांबा म्हणत होतं, आणि ती क्लिप "शोएबला हाका मारतायत" अशा कॅप्शनने फिरली आणि हजारो लोकांना, चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांना, तिथे 'शोएब' ऐकू आला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. एका अफवेने तीन माणसं मारली आणि त्यांच्या मरणावर लगेच दुसरी अफवा उभी राहिली. ते 'शोएब' ऐकणारे कान आपल्यासारख्यांचेच होते. राग ज्या बाजूला आधीच असतो त्या बाजूचं आपण तपासत नाही, तू बाबांचं पाच मिनिटांत तपासलंस आणि कंडक्टर बाईचं नाही तपासलंस, ते यामुळेच.

मी पण केलंय हे. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमधून कोरोना होतो असं फिरत होतं, मी ते दोन ग्रुपवर टाकलं, "खरं-खोटं माहीत नाही पण काळजी घेतलेली बरी" असं वर लिहून. फार जबाबदारीचं वाक्य वाटलं होतं मला ते. आमच्या ओळखीत एकाची पोल्ट्री आहे, साधारण चाळीस दिवसांत एक बॅच निघते. त्या वेळी पक्षी तयार होते आणि उचलायला कुणी येईना, भाव मातीमोल, खाद्याचा खर्च रोजचा चालू. खूप जणांनी तेव्हा राज्यभर पिल्लं खड्ड्यात पुरली, त्यानेही पुरली. नंतर कधीतरी त्याच्याकडे गेले तर शेड रिकामं, पाण्याची भांडी उलटी करून रांगेत लावलेली, आणि त्याची बायको मला चहा देत म्हणाली की ताई, लोकांनी नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. तिला माहीत नव्हतं मी काय फॉरवर्ड केलं होतं. मी तेव्हा तिला सांगितलं नाही. दोन महिन्यांनी फोन करून सांगितलं आणि दोन्ही ग्रुपवरही लिहिलं, पण ते फार उशिरा होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते, तीच तुला सांगते, आणि इतरही जे हे वाचतायत त्यांना. कुठलीही गोष्ट पुढे पाठवताना मी विचारते की हे ज्याच्याबद्दल आहे तो माणूस या ग्रुपमध्ये आहे का? जवळजवळ नेहमी नसतो. डवरी गोसावी तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये नव्हते, कंडक्टर बाई तुझ्या कॉन्टॅक्टमध्ये नव्हती, पोल्ट्रीवाला माझ्या ग्रुपात नव्हता. तो तिथे असता तर काय बोलला असता, ते कोण बोलणार? तुझा प्रश्न होता की खरं निवडू का चांगुलपणा. पण मेसेज तपासणं हाच त्या नसलेल्या माणसाशी चांगलं वागणं आहे गं, त्याच्यासाठी दुसरं काही करताच येत नाही आपल्याला. मग तेच चांगुलपण बाबांच्या वाट्याला का नको, ते तर ग्रुपमध्ये होते, समोर बसून वाचत होते.

आता काय करायचं. आई म्हणते तसं नुसतं सॉरी म्हणू नकोस, कारण मग बाबांना वाटेल मेसेज खरा होता आणि मुलीने माघार घेतली, चार महिन्यांनी तोच मेसेज परत येईल. गप्प बसून वेळ जाऊ देणं हाही पर्याय आहे, बऱ्याच घरांत तेच होतं, पण रिटायर झालेल्या माणसाचा तो ग्रुप म्हणजे त्याचा पार असतो, तिथून उठून गेलेला माणूस दिवसभर काय करतो याचा विचार कर. सगळ्यांना म्यूट करणं तुझ्यासाठी सोपं आहे आणि मी कधीकधी तेही सुचवते, विशेषतः जिथे रोजचा छळ असतो, पण इथे तसं नाहीये.

मला वाटतं फोन करावास, आईच्या फोनवर नाही, बाबांच्या. आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यास. मेसेज खोटाच होता आणि तो धोकादायक का होता, राईनपाड्याचं त्यांना सांग, नुसती लिंक नको, गोष्ट सांग, शिक्षक माणूस आहेत, ऐकतील. आणि दुसरं, मी सगळ्यांसमोर बोलले आणि हसले ते मला नको होतं करायला, ते चुकलं. मध्ये 'पण' घालू नकोस. "चुकलं पण तुम्हीही" असं म्हणालीस की फोन संपला समज.

पुढच्या वेळी कुणीही असं काही टाकलं तर आधी पर्सनलवर लिही किंवा फोन कर, त्यांना स्वतः डिलीट करायची संधी दे, दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यात नाही झालं आणि मेसेज अंगावर येणारा असेल, म्हणजे कुणाला मारा, धरा, सोडू नका असा, तर मग ग्रुपवर लिहायचंच, वाट बघायची नाही, पण माणसाचं नाव न घेता. "हा व्हिडिओ जुना आहे, कराचीतला आहे, कृपया पुढे पाठवू नका, काळजी वाटली तर ११२ला फोन करा" एवढं बास. मूल खरंच हरवलं असेल किंवा संकटात असेल तर १०९८ आहे. बघ, यात खोटं थांबलंही आणि कुणी उघडं पडलंही नाही.

सासरचे असतील तर हे बोलणं नवऱ्याने करावं, सुनेने केलं की विषय मेसेजचा राहत नाही. आणि जे काळजीपोटी नाही तर मुद्दाम एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल विष टाकतात, रोज टाकतात, त्यांच्याशी एवढं हळुवार वागायची गरज मला वाटत नाही, तिथे ॲडमिनने स्पष्ट सांगावं आणि ऐकलं नाही तर काढावं. तरी हसू नये. हसण्याने कुणी बदललेलं मी बघितलेलं नाही.

तपासायचं कसं हे बाबांना शिकवशील तेव्हा त्यांच्या भाषेत शिकव. मेसेजवर दोन बाण असतील तर तो खूप हात फिरून आलाय, पाठवणाऱ्याला स्वतः काहीच माहीत नाही. "आपल्या भागात" म्हणजे कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, कुठल्या पोलीस स्टेशनला नोंद झाली, हे मेसेजात नसेल तर ते उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिण्यासारखं आहे. व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला दिला की बऱ्याचदा आधी कुठे आला होता ते सापडतं, त्यांना एकदा हाताला धरून करून दाखव. आणि सगळ्यात सोपं, पोलीस पाटलांना फोन. गावात बाबांना पोलीस पाटील नक्की ओळखत असणार, कदाचित त्यांचाच विद्यार्थी असेल. पुण्यात बसून तुला जे तपासता येत नाही ते बाबांना एका फोनवर तपासता येतं, हे त्यांना सांग, आणि पुढचा संशयास्पद मेसेज आला की तूच तो त्यांच्याकडे पाठव आणि विचार, बाबा, जरा बघता का.

३०-३५ वर्षं त्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या असतील. लाल पेनाने चूक दाखवली की वही परत मुलाच्या हातात द्यायचे, फळ्यावर नाही लावायचे. मला हे माहीत नाही अर्थात, पण तू त्यांच्या शाळेत शिकलेली आहेस, तुला माहीत असेल.

कंडक्टर बाईचं स्टेटस आज ठेव. तिचा चेहरा परत दाखवू नकोस, तीन ओळी लिही, मी अमुक दिवशी ठेवलेला व्हिडिओ अर्धवट होता, त्या बाईंची चूक नव्हती, ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी हेही पाठवा. मग बाबांना फोन कर आणि राईनपाड्याच्या आधी त्यांना ते स्टेटस वाचून दाखव.